एका नाण्यावर दोन राजे

एकलहऱ्याच्या वीज केंद्राची उंच धुराडी मागे टाकून गोदावरी पूर्वेकडे निघते. पुढे दारणा तिला येऊन मिळते आणि त्या संगमाशी सिन्नर तालुक्यातलं जोगलटेंभी हे गाव लागतं. १९०६ साली या गावात चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. नाणी थोडीथोडकी नव्हती, १३,२५० हून अधिक होती. प्रत्येक नाण्याचं वजन साधारण दोन ग्रॅम आणि आकार नखाएवढा. ही सगळी नाणी मुळात एकाच राजानं पाडलेली होती. तो राजा म्हणजे नहपान, क्षहरात कुळातला शक क्षत्रप. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास गुजरातपासून नाशिक-पुण्यापर्यंत त्याची सत्ता होती.

त्या नाण्यावर नहपानाचा चेहरा आहे. उजवीकडे पाहणारा, एका बाजूनं दिसणारा. नाक, गाल, मान, केस, सगळं कोरीव आणि उठावदार. भोवती ग्रीक अक्षरं. उलट्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्यांत राजाचं नाव. म्हणजे नखाएवढ्या चांदीवर तीन लिप्या! ग्रीक वाचणारा व्यापारी, वायव्येकडून आलेला शक सरदार आणि इथला गावकरी, तिघांनाही हा पैसा कोणाचा हे कळावं अशी ही तजवीज होती. आज एखाद्या नोटेवरच्या भाषा मोजताना आपल्याला जे कौतुक वाटतं, ते नाशिकच्या मातीत अठरा शतकं पुरलेलं होतं.

खरं आश्चर्य मात्र पुढे आहे. या साठ्यातल्या ९,२७० हून अधिक नाण्यांवर, म्हणजे दर दहांतल्या जवळपास सातांवर, नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलेला आहे. तो ठसा गौतमीपुत्र सातकर्णीचा. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेघ, भोवती गौतमीपुत्राचं नाव. दुसऱ्या बाजूला एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेघा आणि चार टोकांना चार वर्तुळं, ज्याला नाणेतज्ज्ञ ‘उज्जैन चिन्ह’ म्हणतात. नहपानाला हरवल्यावर सातवाहन राजानं त्याचे पैसे गोळा केले आणि त्यांवर आपली मोहोर उठवली.

हे काम कसं होत असेल, ते डोळ्यांपुढे आणून पाहा. जुनं नाणं तापवायचं, म्हणजे चांदी मऊ पडते. मग ते खालच्या ठशावर ठेवायचं, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा एक घाव घालायचा. जुनं चित्र दबतं, नवं उमटतं. पण घाव कधीच पुरता एकसारखा बसत नाही. म्हणून कितीतरी नाण्यांवर डोंगराच्या कमानीआडून नहपानाचं नाक डोकावतं. कुठे हनुवटी उरली आहे, कुठे ग्रीक अक्षरांची एक ओळ गौतमीपुत्राच्या ब्राह्मी अक्षरांना आडवी जाते. जिंकलेला आणि हरलेला असे दोघंही एकाच दोन ग्रॅम चांदीत, एकावर एक.

रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा साठा बारकाईनं तपासला आणि १९०८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. ठसा न मारलेल्या नाण्यांत त्यांना आणखी एक नवल दिसलं. नाव सगळीकडे नहपानाचंच असलं, तरी चेहरे एकसारखे नव्हते. कुठे तरुण, कुठे वयस्क. कुठे नाक सरळ, कुठे बाकदार. कुठे गाल भरलेले, कुठे बसलेले. राजा म्हातारा होत गेला, की निरनिराळ्या कारागिरांनी आपापल्या मनातला राजा कोरला, यावर तेव्हापासून चर्चा चालू आहे. मला यात कारागीर दिसतात. रोमन नाण्यांवरचे सम्राटांचे चेहरे भडोचच्या बंदरातून त्यांच्यापर्यंत पोहोचत होते, आणि तशी समोरच्या माणसाची ओळख पटावी अशी कला त्यांनी दख्खनच्या उंबरठ्यावर आणून ठेवली.

राजाचा चेहरा पुसण्याची गोष्ट निघाली, की जगाला पहिल्यांदा इजिप्त आठवतं, आणि ते योग्यच आहे. या साठ्याच्या सुमारे चौदाशे वर्षं आधी, इसवी सनापूर्वी १३५३ च्या आसपास, आमेनहोतेप चौथा तिथे फॅरो झाला. थीब्ज नगरीचा आमून हा तेव्हा देवांचा राजा होता, आणि कर्नाकच्या त्याच्या देवळाकडे अफाट जमिनी व संपत्ती होती. या फॅरोनं आमूनकडे पाठ फिरवली आणि आतेन या सूर्यबिंबाला सर्वोच्च केलं. राज्यारोहणाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास स्वतःचं नाव बदलून अखेनातेन ठेवलं. वाळवंटाच्या कडेला, आज अमार्ना म्हणतात तिथे, नवी राजधानी वसवली. आतेनला माणसाचं किंवा पशुपक्ष्याचं रूप नव्हतं. वर एक तबकडी, तिच्यातून निघणारे किरण, आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला एक छोटासा हात. ते हात राजा-राणीच्या नाकाशी जीवनाचं चिन्ह धरतात.

देव बदलला तशी राजाची आकृतीही बदलली. शतकानुशतकं फॅरो म्हणजे रुंद खांदे, बारीक कंबर, निर्विकार चेहरा. अखेनातेनच्या शिल्पांत लांबट चेहरा आला, बारीक मान, जाड ओठ, सुटलेलं पोट आणि भरदार मांड्या आल्या. राजा मुलीचा मुका घेतो आहे, राणीच्या मांडीवर लेक बसली आहे, अशी घरगुती दृश्यं कोरली गेली. नेफरतीतीचा जो रंगीत अर्धपुतळा आज बर्लिनमध्ये आहे, तो १९१२ च्या डिसेंबरात याच अमार्नातल्या थुतमोस नावाच्या शिल्पकाराच्या कार्यशाळेत सापडला. अखेनातेनच्या काळातच त्याची माणसं छिन्नी घेऊन देशभर फिरत होती. भिंतीभिंतीवरून आमूनचं नाव खरवडून काढत होती. हत्शेपसूत राणीच्या कर्नाकमधल्या उंच दगडी स्तंभांवर चढूनसुद्धा त्यांनी ते पुसलं. अखेनातेनच्या वडिलांच्या ‘आमेनहोतेप’ या नावातही आमून होता, म्हणून तिथेही छिन्नी चालली.

आणि तो गेल्यावर तीच छिन्नी उलट फिरली. मुलगा तूतनखातेन हा तूतनखामून झाला, आमूनची देवळं पुन्हा उघडली. पुढे राजांच्या याद्यांतून अखेनातेनचं नावच गाळलं गेलं. कर्नाकमधली त्याची देवळं पाडून नंतरच्या फॅरोनं, होरेमहेबनं, त्यांचे लहान लहान दगड आपल्या नव्या महाद्वारांच्या पोटात भर म्हणून घातले. ऊन नाही, वारा नाही, हात लागला नाही. विसाव्या शतकात ती महाद्वारं दुरुस्तीसाठी उघडली, तेव्हा आतून हजारोंनी कोरीव दगड निघाले, काहींवर मूळ रंगही शाबूत. १९६० च्या दशकात त्यांचे फोटो काढून, संगणकाच्या मदतीनं तुकड्याला तुकडा जुळवण्याचं काम सुरू झालं. ज्याला नामशेष करायचं होतं, त्याचीच चित्रं शत्रूच्या भिंतीनं तीन हजार वर्षं जपली.

जोगलटेंभीत नेमकं हेच झालं. गौतमीपुत्रानं ती चांदी वितळवली असती, तर नहपानाचे नऊ हजार चेहरे मुसेत विरघळून गेले असते. वितळवायला वेळ लागतो, खर्च लागतो, आणि नव्यानं जिंकलेल्या मुलखात पैसा तातडीनं फिरता ठेवावा लागतो. पण मला वाटतं, यात आणखीही काहीतरी आहे. कोऱ्या चांदीवर उठवलेली मोहोर फक्त ‘मी राजा’ एवढंच सांगते. शत्रूच्या चेहऱ्यावर उठवलेली मोहोर ‘मी याला हरवलं’ हेही सांगते, आणि बाजारात हातोहात सांगत फिरते. इतिहासाला तर तिनं मोठीच मदत केली. नाशिकच्या एका शिलालेखात गौतमीपुत्रानं क्षहरात कुळ निःशेष केल्याचं म्हटलं आहे. त्या वाक्याला जोगलटेंभीच्या चांदीनं हजारो साक्षी दिल्या.

तो शिलालेख पाहायचा तर एकलहऱ्याहून नाशिक शहर ओलांडून पलीकडे, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर चढावं लागतं. लेखांत या डोंगराचं नाव ‘तिरण्हु’ असं येतं. काळ्या पाषाणात कोरलेली २४ लेणी एका ओळीत आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात.

आधी दहाव्या लेण्यात जाऊ या. हे नहपानाच्या जावयानं, दिनीकाचा मुलगा उषवदात यानं भिक्षूंसाठी कोरवलं. त्याच्या बायकोचं नाव दक्षमित्रा, तिनं दिलेल्या खोलीवर तिचं नाव आहे. उषवदातानं आपल्या दानांची यादीच भिंतीवर लिहून ठेवली आहे. तीन लाख गाई. देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं. वर्षभर एक लाख ब्राह्मणांना जेवण. पारदा, दमण, तापी, डहाणूका अशा नद्यांवर फुकट नावांची सोय. बत्तीस हजार नारळाची झाडं. आणि बौद्ध भिक्षूंसाठी हे लेणं, शिवाय नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेली ३,००० कार्षापणांची कायम ठेव. त्यातल्या २,००० वर दरमहा शेकडा एक दरानं व्याज, १,००० वर शेकडा पाऊण. त्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण, चीवरासाठी. मूळ रकमेला हात लावायचा नाही, हेही स्पष्ट लिहिलेलं. बँकेच्या मुदतठेवीचे नियम आपण वाचतो, तसे हे दगडावर वाचता येतात.

आता तिथून तिसऱ्या लेण्यात या. हे गौतमीपुत्राच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, नातू पुळुमावीच्या राज्यकाळाच्या एकोणिसाव्या वर्षी दान केलं. बाहेरच्या बाजूला सहा दांडगे यक्ष आहेत. जमिनीतून अर्धे वर आलेले, आणि सगळं लेणं खांद्यावर तोललेले. दारावर बोधिवृक्ष, स्तूप आणि चक्र, पण बुद्धाची मूर्ती कुठेच नाही, कारण तेव्हा त्याला माणसाच्या रूपात दाखवायची रीत इथे नव्हती. मधलं दालन दहाव्या लेण्याच्याच बेताचं, किंबहुना त्याच्याशी चढाओढ करणारं. बलश्रीचा लेख तर या लेण्याची तुलना कैलासशिखरावरच्या विमानांशी करतो. तिच्या मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्यानं शक, यवन, पल्हवांचा नाश केला, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, तो एकमेव ब्राह्मण, असं ती लिहवते. आणि हे सगळं लिहवून ते लेणं देते कोणाला? भद्रायणीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना. लेण्याच्या सजावटीसाठी नातू पुळुमावी एक गावही नेमून देतो.

इथेच मी थबकतो. गौतमीपुत्रानं हजारो नाण्यांवरून ज्या नहपानाचा चेहरा दाबून टाकला, त्याचं नाव काही पावलांवरच्या दहाव्या लेण्यात ठळक अक्षरांत तसंच आहे. कोणी खरवडलं नाही. कोणी त्यावर दुसरं नाव कोरलं नाही. ज्या डोंगरावर राजमातेचे कारागीर वर्षानुवर्षं छिन्नी चालवत होते, तिथे शत्रूच्या नावापर्यंत छिन्नी पोहोचायला कितीसा वेळ लागला असता?

इजिप्तमध्ये राजा आणि देव यांची गाठ इतकी घट्ट होती, की देव बदलायचा तर राजाचं शरीरच नव्यानं कोरावं लागलं आणि राजाला पुसायचं तर त्याचा देवही पुसावा लागला. त्रिरश्मीवर राजाचं राज्य आणि भिक्षूंना दिलेलं दान यांची खाती वेगळी होती. नाणं राजाचं, म्हणून राजा हरला की त्याच्यावर नवा ठसा. लेणं संघाचं, म्हणून देणारा हरला तरी त्याचं नाव तिथेच. गौतमीपुत्राचे जमिनीचे हुकूमही हेच सांगतात. राज्याच्या अठराव्या वर्षी, विजयी सैन्याच्या छावणीतून, तो गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला आज्ञा पाठवतो, की कखडी गावातलं जे शेत आजवर उषवदाताकडे होतं, त्यातली २०० निवर्तनं (तेव्हाचं जमिनीचं माप) या डोंगरावरच्या तपस्व्यांना द्यावीत. रणातून येऊन घोड्यावरून उतरत नाही तोच भिक्षूंच्या पोटाची व्यवस्था. आणि सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, आई आणि मुलगा मिळून दुसऱ्या अमात्याला कळवतात, की ते शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून त्याच्या बदली नगराच्या हद्दीतल्या राजाच्या मालकीच्या जमिनीतली १०० निवर्तनं द्या. महसूल खात्याचा असा प्रामाणिक दुरुस्तीहुकूम इतका जुना असू शकतो, यावर पहिल्यांदा विश्वासच बसत नाही.

सातवाहनांच्या राजकलेचा दुसरा पुरावा जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहे, आणि तो बरोबर उलटा आहे. घाटमाथ्यावरच्या गुहेत या घराण्यानं आपल्या माणसांची शिल्पं ओळीनं कोरवली होती. सिमुक, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, राजपुत्र, महारठी त्रनकयिरो. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव. आज आकृत्या गेल्या आहेत, उरल्या आहेत त्या जेमतेम पावलांच्या खुणा आणि वरची नावं. अखेनातेनचा चेहरा उरला आणि नाव छिन्नीखाली गेलं, सिमुकाचं नाव उरलं आणि चेहरा गेला. म्हणून जोगलटेंभीची नाणी मला इतकी मोलाची वाटतात. तिथे दोघांचंही थोडं थोडं उरलं. आणि सातवाहनांनीही पुढे चेहऱ्याचं नाणं आपलंसं केलं. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला, तेव्हा त्यात यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं. त्यावर राजाचा चेहरा आहे, नहपानाच्या नाण्यावर असतो तसाच बाजूनं पाहणारा.

त्रिरश्मीवर धर्माची उलथापालथ झालीच नाही, असं मात्र नाही. झाली, पण राजाच्या हुकमानं आणि एका रात्रीत नाही. विसावं लेणं पाहा. बोपकी नावाच्या भिक्षूनं ते सुरू केलं, मग अनेक वर्षं ते अपुरं पडून राहिलं. यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोपाची बायको वासू हिनं ते पुरं केलं. पुढे महायान पंथ रुजला, बुद्धाची मूर्ती पूजेत आली, तेव्हा याच लेण्याची मागची भिंत आणखी आत कोरत नेली आणि खोल गर्भगृहात भव्य बुद्ध बसवला. जुन्या भिक्षूंच्या साध्या खोल्या बाजूला तशाच. अकराव्या लेण्यात नंतरच्या काळात जैन मूर्ती आल्या. आणि दहाव्या लेण्यात, उषवदाताच्या त्याच विहारात, मागच्या भिंतीवर उठावात कोरलेला स्तूप होता. कोणीतरी कधीतरी तो तासून त्यातून भैरव घडवला. दगड तेवढाच असल्यामुळे स्तूपावरच्या छत्र्या भैरवाच्या डोक्यावर तशाच राहिल्या. हे पुसणंच आहे, त्याला दुसरं नाव देऊ नये. ज्यांचा स्तूप होता, ते तोवर हा डोंगर सोडून गेले होते.

ब्राह्मी वाचणारं कोणी उरलं नाही, तसं सातवाहन आणि क्षहरात दोघंही विस्मरणात गेले, आणि डोंगर पांडवांच्या नावावर लागला. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मीचं कोडं सोडवलं, मग भगवानलाल इंद्रजी, एमिल सेनार अशा अभ्यासकांनी नाशिकचे लेख एकेक अक्षर लावून वाचले. आज नाण्यांच्या अभ्यासाची देशातली एक महत्त्वाची संस्थाही इथल्याच अंजनेरीत आहे.

याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. अखेनातेनच्या क्रांतीला राजाची छिन्नी लागली होती. इथे कोणाचं नाव खरवडावं लागलं नाही, कुठला फॅरो लागला नाही. ज्यांना देवळाच्या पायरीवर अडवलं, त्यांनीच आपला धर्म बदलला. त्यानंतर हा डोंगर त्यांच्यासाठी त्रिरश्मी लेणी झाला, आणि पायथ्याशी बुद्ध स्मारक उभं राहिलं.

महाराष्ट्रातल्या लेण्यांवर आता ब्राह्मी शिकवणारे वर्ग भरतात. बरेच जण तिला धम्मलिपी म्हणतात. तरुण मुलं-मुली वही घेऊन येतात आणि ‘क’ला उभी-आडवी रेघ, ‘ग’ला उलटा कोन, असं गिरवत शिलालेखापर्यंत पोहोचतात. त्रिरश्मीवर त्यांना वाचायला दोन राजघराण्यांचे लांबलचक लेख आहेतच. दहाव्या लेण्याच्या अंगणात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा लेख आहे, ज्यात विष्णुदत्ता या शक उपासिकेनं आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी कुंभार आणि तेली यांच्या श्रेणींकडे पैसे ठेवले आहेत. आणि आठव्या लेण्यात एक छोटा लेख आहे. तो मुगूदास नावाच्या कोळ्याचा, हे लेणं आपण कुटुंबासह दिलं एवढंच सांगणारा. पहिल्यांदा जाल तेव्हा तोच आधी वाचून पाहा. नवशिक्यालाही तो जमतो.